कार्टर मायलेकरांची कहाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपवली. अशा प्रसंगी थोर स्त्रियांची चरित्रे सांगण्याचा आपला प्रघात आहे, आणि तो चांगला आहे. जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो व पुढेही ऐकू. आज मात्र मी जरा दूरदेशीचे एक घर निवडले आहे. हे घर अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे. विषय ऐकून काही भगिनींच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटलेला मला दिसतो आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांशी आपल्या बाजाराचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि तो एक सोडून दोन प्रकारचा आहे.

पहिला संबंध शेंगदाण्याचा. आपल्या मंडळातील पुष्कळ जणींची घरे या बाजारावर चालतात. कोणाचे यजमान दाणाबाजारात गाळ्यावर आहेत, कोणाचे माथाडी कामगार आहेत, कोणी स्वतः मसाला बाजारात मिरचीचे देठ खुडायला बसतात. तेव्हा शेंगदाण्याचे पोते म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. कार्टरांचे घराणे याच शेंगदाण्याचे. शेतकऱ्यांकडून शेंग विकत घ्यावी, त्यांना बी-बियाणे व खत पुरवावे, वखार सांभाळावी, असा त्यांचा धंदा. दूरचित्रवाणीवर रुबाबात दिसणारे ते अध्यक्ष पाच-सहा वर्षांचे असताना प्लेन्स नावाच्या गावात रस्त्यावर उकडलेल्या शेंगांच्या पुड्या विकत असत.

दुसरा संबंध याहून जवळचा आहे. या कार्टरांची आई लिलियनबाई वयाच्या ६८ व्या वर्षी घरदार सोडून आपल्या खाडीपलीकडे विक्रोळीला आल्या, आणि गोदरेज कंपनीच्या वसाहतीतील दवाखान्यात परिचारिका म्हणून जवळजवळ दोन वर्षे राबल्या. ही गोष्ट १९६६ ते १९६८ या काळातली. त्या वेळी आपली वाशी, आपले तुर्भे आजच्यासारखे नव्हते. सिडको १९७० साली स्थापन झाली, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला झाला. आज आपला बाजार उभा आहे त्या बाजूला तेव्हा आगरी-कोळी बांधवांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. पलीकडच्या काठावर मात्र विक्रोळीला कारखाने सुरू झालेले होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या लाखो मतपेट्या याच विक्रोळीत घडल्या. त्या वसाहतीत पांढऱ्या केसांची ही अमेरिकन बाई येऊन राहिली, त्या वेळी तिचा मुलगा अध्यक्ष होईल असे तिच्याही स्वप्नात नव्हते.

आता ही कहाणी आपण पहिल्यापासून पाहू.

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रिचलंड या गावी झाला. आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख ही त्यांची जन्मतारीख, हा एक गोड योगायोग. वडील गावचे पोस्टमास्तर होते. मुलीने काही वर्षे पोस्टात काम केले व मग परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ती प्लेन्स गावी आली. पुढे अटलांटा शहरातील रुग्णालयात तिने हे शिक्षण पुरे केले, आणि १९२३ साली अर्ल कार्टर या तरुण शेतकरी-व्यापाऱ्याशी तिचे लग्न झाले. १ ऑक्टोबर १९२४ रोजी थोरला मुलगा जिमी जन्माला आला. त्यानंतर ग्लोरिया व रूथ या दोन मुली, आणि १९३७ साली धाकटा बिली. जिमीचा जन्म रुग्णालयात झाला. आज याचे आपल्याला काही वाटत नाही, परंतु त्यांच्यापूर्वीचे अमेरिकेचे सर्व अध्यक्ष घरीच जन्मले होते. रुग्णालयात जन्मलेले पहिले अध्यक्ष हेच.

जिमी चार वर्षांचा असताना हे कुटुंब प्लेन्सबाहेर आर्चरी नावाच्या वस्तीवर राहायला गेले. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. शेजारपाजार बहुतेक सगळा काळ्या शेतमजुरांचा. भगिनींनो, अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात गोऱ्या आणि काळ्या लोकांमध्ये केवढी भिंत होती, हे आपल्याकडच्या शिवाशिवीच्या आठवणी ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत त्यांना चटकन समजेल. शाळा वेगळ्या, देवळे वेगळी, आगगाडीतील डबे वेगळे. काळ्या माणसाने गोऱ्याच्या घरी यायचे ते मागच्या दाराने. अर्ल कार्टर मनाचे उदार होते, परंतु ही रीत त्यांना मान्य होती. लिलियनबाईंना ती मान्य नव्हती. त्यांनी त्यासाठी सभा घेतल्या नाहीत की मोर्चे काढले नाहीत. काळ्या शेजाऱ्याच्या घरी कोणी आजारी पडले, बाळंतपण अडले, की औषधांची पिशवी उचलून त्या जात. मोबदल्यात कोणी कोंबडी देई, कोणी भाजी देई, पुष्कळांकडे द्यायला काहीच नसे. काळ्या समाजातील एका धर्मोपदेशकाचा शिकलेला मुलगा त्यांच्याकडे भेटीस येई तो पुढच्या दाराने, आणि बैठकीच्या खोलीत बसे. अशा वेळी अर्ल उठून बाहेर जात. बायकोला त्यांनी अडवले नाही, आणि बायकोनेही पाहुण्याला मागच्या दाराने यायला सांगितले नाही.

या कामामुळे लिलियनबाई दिवसदिवस घराबाहेर असत. मुलांसाठी त्या घरातील एका काळ्या मेजावर चिठ्ठी ठेवून जात. अमुक काम करा, तमुक खा, मी अमुक वेळी येईन, असे त्यात लिहिलेले असे. पुढे मोठेपणी जिमी थट्टेने म्हणत, की आम्हाला ते मेज म्हणजेच आई वाटायचे! आपल्यातील नोकरी करणाऱ्या, पहाटे बाजारात जाणाऱ्या आयांना या थट्टेतील गोडी कळेल आणि त्यामागची टोचणीही कळेल. आई घरी नसताना रेचल क्लार्क या काळ्या शेतमजूर बाईच्या घरी हा मुलगा जमिनीवर गादी टाकून झोपे. तिच्याबरोबर मासे धरायला जाई, शेतात काम करी. त्या बाईचे आपल्यावर ऋण आहे, हे त्यांनी अध्यक्षपद भोगून झाल्यावर स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात आदराने लिहिले आहे.

जिमी हुशार होता. नौदलाच्या विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला आणि १९४६ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी ७ जुलैला त्याचे गावातीलच रोझालिन स्मिथ या मुलीशी लग्न झाले. या रोझालिनबाईंची गोष्टही आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या जन्मल्या तेव्हा शेजारची परिचारिका म्हणून बाळंतपणास हजर होत्या त्या लिलियनबाईच. रोझालिन तेरा वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यांच्या अखेरच्या आजारातील शुश्रूषाही लिलियनबाईंनीच केली. रोझालिनच्या आईने लोकांचे कपडे शिवून चार मुले वाढवली, आणि थोरली म्हणून रोझालिन आईच्या हाताखाली राबली. अशा घरातून ही सून आली.

नौदलात कार्टरांची चांगली प्रगती होत होती. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे काम नुकतेच निघाले होते व त्यासाठी त्यांची निवड झाली होती. इतक्यात १९५३ साली वडील अर्ल कर्करोगाने वारले. त्या दुखण्यात मुलगा घरी आला असता त्याने पाहिले, की काळी-गोरी माणसे एकामागून एक भेटीस येत आहेत आणि वडिलांनी गुपचूप केलेल्या उपकारांच्या आठवणी सांगत आहेत. कोणाचे कर्ज सोडले होते, कोणाला अडीअडचणीला मदत केली होती. ते ऐकून त्यांनी नोकरी सोडून गावी परत जाण्याचे ठरवले. रोझालिनबाईंना हे मुळीच पटले नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांना स्वतःचे घर, स्वतःचा कारभार मिळाला होता. आता पुन्हा त्या लहानशा गावात जायचे! त्या इतक्या रुसल्या की मोटारीतून गावी परतताना नवऱ्याशी त्या सरळ बोलल्याच नाहीत. काही लागले तर मुलाकरवी निरोप देत. मोठमोठ्या चरित्रांतही असे प्रसंग असतात, ते वाचून आपल्याला बरे वाटते.

पहिले वर्ष दुष्काळाचे गेले. वर्षाअखेर हाती तीनशे डॉलरही उरले नाहीत. हळूहळू रोझालिनबाईंनी वखारीच्या हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या, आणि धंद्यातला कोणता व्यवहार फायद्याचा व कोणता तोट्याचा हे त्या नवऱ्याला सांगू लागल्या. पुढे काळ्या लोकांना हक्क मिळू नयेत म्हणून गोऱ्यांनी गावोगाव मंडळे काढली. कार्टरांनी अशा मंडळाचे सभासद होण्यास नकार दिला. तेव्हा त्यांच्या वखारीवर काही काळ बहिष्कार पडला. बाजारात बहिष्कार म्हणजे काय, गिऱ्हाईक समोरून निघून शेजारच्या गाळ्यावर गेले तर घरात काय होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरी ते बधले नाहीत.

यानंतर कार्टर राजकारणात पडले. राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. १९६६ साली राज्यपालपदासाठी उभे राहिले आणि पडले. अमेरिकेत राज्यपाल हा लोकांनी निवडलेला असतो व तोच राज्याचा कारभार पाहतो. हा पराभव त्यांच्या मनाला फार लागला.

त्याच १९६६ साली त्यांच्या आईने काय केले ते आता ऐका.

पतिनिधनानंतर लिलियनबाई काही वर्षे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मातेच्या जागी राहिल्या, एक वृद्धाश्रमही त्यांनी चालवला. १९६४ च्या निवडणुकीत काळ्यांना नागरी हक्क देणारे अध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराचे काम आपल्या भागात घेतले, तेव्हा लोकांनी त्यांच्या मोटारीची नासधूस केली. त्यानंतर हाती काही उरले नाही. मुले आपापल्या संसारात, नातवंडे मोठी होत आलेली. अशातच एका रात्री दूरचित्रवाणीवर त्यांनी पीस कोअरची जाहिरात पाहिली. ही पीस कोअर म्हणजे अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली स्थापन केलेली स्वयंसेवकांची संस्था. गरीब देशांत जाऊन दोन वर्षे सेवा करायची, आणि त्यासाठी वयाची अट नाही, असे त्या जाहिरातीत होते. लिलियनबाईंनी अर्ज केला. उष्ण देशात, जेथे परिचारिकेची गरज आहे तेथे मला पाठवा, अशी त्यांची मागणी होती. मुले चकित झाली. शिकागो विद्यापीठात तीन महिन्यांचे शिक्षण झाले. त्यात आपल्या मराठी भाषेचे धडेही होते. अडुसष्ट वर्षांची अमेरिकन बाई तरुण मुलामुलींबरोबर बाकावर बसून मराठी अक्षरे गिरवते आहे, हे चित्र मला फार हृद्य वाटते. आपण म्हणतो, या वयात मोबाईल शिकून काय करायचा? तिने या वयात आपली भाषा शिकायला घेतली.

विक्रोळीस आल्यावर प्रथम त्यांना कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे काम मिळाले. त्या काळी सरकारने ही मोहीम जोरात काढली होती. परंतु परक्या देशातील गरिबांना मुले किती हवीत हे सांगत फिरणे त्यांच्या मनाला रुचेना. त्यांचा ओढा दवाखान्याकडे होता, आणि पुढे त्या तेथेच रमल्या. रोज रोग्यांची रीघ लागे. सुया टोचायच्या, जखमा धुवायच्या, मुलांना औषध पाजायचे. रोग्यांत कुष्ठरोगीही असत.

त्या घरी पत्रे लिहीत. पुढे १९७७ साली, मुलगा अध्यक्ष झाल्यावर, ती पत्रे मुलगी ग्लोरियाच्या मदतीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत सारी फुले उधळलेली नाहीत. एकटेपणाबद्दल आहे, थकव्याबद्दल आहे, दारिद्र्य पाहून आलेल्या उबगाबद्दल आहे, घरच्या आठवणीने काढलेल्या रात्रींबद्दल आहे. पहिले काही महिने त्या पार खचून गेल्या होत्या. कुष्ठरोग्याला हात लावताना सुरुवातीला त्यांचेही मन कचरत असे. हे मला महत्त्वाचे वाटते. सेवा करणाऱ्या माणसाला किळस येत नाही, भीती वाटत नाही, अशी आपली एक समजूत असते, आणि आपल्याला ती वाटते म्हणून आपण सेवेस लायक नाही असे ठरवून आपण मोकळ्या होतो. लिलियनबाईंना भीती वाटली, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. काही महिन्यांनी ती भीती गेली. मधला मार्ग फक्त रोज जाण्याचा होता.

१५ ऑगस्ट १९६८ रोजी विक्रोळीतच त्यांनी सत्तरी गाठली. त्यानंतर महिनाभरात त्या मायदेशी परतल्या. अंगाने खूप वाळल्या होत्या. घरच्या माणसांना त्यांना पाहून वाईट वाटले. त्या मात्र पुढे कित्येक वर्षे शेकडो सभांतून हिंदुस्थानाबद्दल, येथल्या माणसांबद्दल बोलत राहिल्या, आणि ही दोन वर्षे आपल्या आयुष्यातील फार मोलाची, असे सांगत राहिल्या.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मुंबईच्या दवाखान्यांतून त्या काळी आपल्या किती तरी परिचारिका, दाया आणि आयाबाया हेच काम आयुष्यभर करीत होत्या. त्यांची मुले अध्यक्ष झाली नाहीत, म्हणून त्यांची पत्रे छापली गेली नाहीत. लिलियनबाईंची कहाणी आपण ऐकतो ती त्या सर्वांच्या वतीने ऐकावी, असे मला वाटते.

आता मुलाकडे वळू. १९७० साली कार्टर दुसऱ्यांदा उभे राहिले आणि राज्यपाल झाले. जानेवारी १९७१ मध्ये शपथविधीच्या भाषणातच वर्णभेदाचा काळ संपला आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. काही वर्षांनी त्यांनी आईला सांगितले, की मी अध्यक्षपदासाठी उभा राहणार आहे. आईने विचारले, कसला अध्यक्ष? अशी ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही कोणी अध्यक्ष होणार म्हटले की पहिला प्रश्न हाच येतो, कुठल्या मंडळाचा?

२० जानेवारी १९७७ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच महिन्यात आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले, तेव्हा अमेरिकेच्या वतीने अंत्यविधीस त्यांनी आपल्या आईला पाठवले. त्याच फेरीत लिलियनबाई विक्रोळीलाही जाऊन आल्या. जेथे त्या पायी दवाखान्यात जात असत, तेथे आता त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली. पुढे जानेवारी १९७८ मध्ये कार्टर स्वतः दिल्लीस येऊन गेले.

अध्यक्ष म्हणून त्यांच्या कारकिर्दीत यशही आहे व अपयशही आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन या दोन हाडवैऱ्यांना कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस एकत्र ठेवून त्यांनी समेट घडवला. मार्च १९७९ मध्ये झालेला तो तह आजवर मोडलेला नाही. पनामा कालवा त्या देशाला परत देण्याचा करार त्यांनीच केला. परंतु देशात महागाई भडकली, तेलाची टंचाई झाली. नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणात अमेरिकन वकिलातीवर हल्ला झाला आणि तेथील ५२ माणसे ४४४ दिवस कैदेत राहिली. त्यांना सोडवण्याचा एक प्रयत्न फसला व त्यात आठ सैनिक मृत्युमुखी पडले. १९८० च्या निवडणुकीत लोकांनी कार्टरांना नाकारले. ओलीस सुटले ते २० जानेवारी १९८१ रोजी, नव्या अध्यक्षांचा शपथविधी आटोपल्यावर काही मिनिटांनी.

अशा रीतीने ५६ व्या वर्षी हा माणूस घरी परतला. अध्यक्ष असताना धंदा दुसऱ्यांच्या हाती सोपवलेला होता, तो बुडाला होता व डोक्यावर मोठे कर्ज झाले होते. वखार विकावी लागली. दोघे नवराबायको त्याच जुन्या घरात येऊन राहिली. मग १९८३ साल फार कठीण गेले. सप्टेंबरमध्ये बहीण रूथ कर्करोगाने गेली आणि ३० ऑक्टोबरला लिलियनबाईंनी ८५ व्या वर्षी देह ठेवला. पुढे सात वर्षांच्या आत बिली आणि ग्लोरियाही त्याच रोगाने गेली.

भगिनींनो, माझ्या व्याख्यानाचा खरा भाग येथून पुढे आहे. कार्टरांचे जे काम जगाने वाखाणले, ज्यासाठी त्यांना २००२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातील बराच मोठा वाटा पद गेल्यानंतरचा आहे. १९८२ साली त्यांनी व रोझालिनबाईंनी कार्टर केंद्र काढले. या केंद्राने हाती घेतलेले एक काम आपल्याला अगदी जवळचे आहे. ते म्हणजे नारू.

आपल्यातील ज्या वडीलधाऱ्या भगिनी गावाकडून आल्या आहेत त्यांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीचे, तळ्याचे पाणी प्यायल्याने हा रोग होई. त्या पाण्यात अगदी बारीक किडे असतात व त्यांच्यातून नारूचे बीज पोटात जाते. वर्षभराने पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडू लागतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजतो. ऐन पेरणीच्या वेळी माणूस अंथरुणाला खिळे. यावर ना लस आहे ना औषध. उपाय काय? पाणी कापडातून गाळून प्यायचे, आणि नारू झालेल्या माणसाने पाण्यात पाय घालायचा नाही. भारतात आपल्याच सरकारने ही मोहीम चालवली, विहिरी सुधारल्या, आणि १९९६ साली शेवटचा रोगी सापडला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत हे काम कार्टर केंद्राच्या पुढाकाराने झाले. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख लोकांना हा रोग होता. २०२४ साली तो आकडा १५ वर आला. लाख नव्हे, फक्त पंधरा माणसे.

हा रोग कोणी हटवला? पदरात पाणी गाळणाऱ्या बायांनी. गावोगावच्या बायकांना कापड देऊन, पाणी कसे गाळायचे हे दाखवून, घरोघर पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस करून. मोठ्या यंत्राचे काम नव्हते. परिचारिकेच्या मुलाला अशा कामाची किंमत कळली, याचे मला नवल वाटत नाही.

दुसरे काम घरे बांधण्याचे. १९८४ पासून ही दोघे वर्षातून एक आठवडा हातात हातोडा घेऊन गरिबांची घरे बांधायला जात. २००६ साली ती आपल्या महाराष्ट्रात आली. लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला पाटण गावी शंभर घरांचे काम होते. आपण लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरतो, तेथून जवळच हा ८२ वर्षांचा माजी अध्यक्ष विटा रचत होता. आईने ६८ व्या वर्षी महाराष्ट्रात येऊन जखमा धुतल्या, मुलाने ८२ व्या वर्षी येऊन भिंती बांधल्या.

रोझालिनबाईंनी मनोरुग्णांचा प्रश्न हाती घेतला. वेडाचा आजार घरात लपवून ठेवतात, त्याला इतर दुखण्यांसारखेच औषधपाणी मिळाले पाहिजे, यासाठी त्या जन्मभर झटल्या. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांना आधार मिळावा म्हणून १९८७ साली त्यांच्या नावाची एक संस्था निघाली. आजाऱ्याची चौकशी सर्वजण करतात, त्याचे उशापायथ्याचे करणाऱ्या सुनेची, मुलीची चौकशी कोण करतो? त्यांनी केली. ७७ वर्षांचा संसार करून १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. वर्षभराने, २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी ओलांडलेले कार्टरही गेले. शंभर वर्षे जगलेले ते अमेरिकेचे पहिले अध्यक्ष.

आता ही कहाणी मी येथे का सांगितली?

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी बऱ्याच जणी आता साठीच्या पुढे आहेत. मी अलीकडे त्यांच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकते, की आमचे आता काय राहिले आहे? मुले मार्गी लागली, सुना घर पाहतात, देवाचे नाव घ्यायचे आणि दिवस काढायचे. कोणी सभेला येणेही सोडले आहे. हे ऐकून मला वाईट वाटते. लिलियनबाईंचेही १९६६ साली काही राहिले नव्हते. त्यांच्या मुलाचेही १९८१ साली काही राहिले नव्हते. दोघांनीही उरलेल्या दिवसांत जे केले, त्यासाठीच आज आपण त्यांची नावे घेतो आहोत.

मला ठाऊक आहे, तुमच्यातील कोणी म्हणेल, त्या परिचारिका होत्या, आम्हाला काय येते? दुसरी म्हणेल, नातवंडांना शाळेतून आणायचे कोणी? गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. ही कारणे खोटी नाहीत. कोणी घर सोडून दोन वर्षे परदेशी जावे असे मी सांगत नाही. मी मागते आहे ते आठवड्याचे दोन तास.

आपल्या आसपास काय चालले आहे ते पाहा. बाजारात धान्य निवडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या, पालेभाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया पहाटेपासून राबतात. त्यांच्यातील एखादीला ताप आला, डोळ्याचे दुखणे झाले, तर रुग्णालयात कोणत्या खिडकीशी उभे राहायचे हे तिला उमगत नाही. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. दिवसाची मजुरी बुडते, काम होत नाही आणि ती पुन्हा जात नाही. क्षयाची गोळी दोन महिन्यांत सोडून देणाऱ्या बाया अशाच. तिच्याबरोबर रांगेत उभी राहणारी, चिठ्ठी वाचून दाखवणारी, पुढच्या आठवड्यात गोळ्या घेतल्यास का ग बाई, असे विचारणारी एक बाई मिळाली, तर अर्धे दुखणे तेथेच हटेल. याला परिचारिकेचे शिक्षण लागत नाही. मराठी वाचता येणे, चार माणसांत बोलता येणे आणि दर आठवड्याला न चुकता जाणे, एवढे पुरते. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी मंडळाच्या खोलीत बसून अर्ज भरून द्यावेत. ज्यांना हिशेब येतो त्यांनी वही ठेवावी. रोझालिनबाईंनी वहीपासूनच सुरुवात केली होती.

म्हणून माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे, की आजच्या सभेनंतर एक कोरी वही येथे मेजावर ठेवावी. ज्यांना आठवड्याचे दोन तास देता येतील त्यांनी आपले नाव आणि सोयीचा वार तीत लिहावा. दहा नावे झाली तरी बुधवार आणि शनिवार भागतील. पहिल्या दिवशी संकोच वाटेल, कोणाच्या जखमेकडे पाहून मळमळेलही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जा, एवढेच माझे सांगणे आहे.

 वहीत पहिले नाव मी लिहीत आहे, आणि वार बुधवार.